उन्हाळ्याचा हवामान-अंदाज : बातमी कीं नोटीस?

दरवर्षीं मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभीं भारतीय हवामान खातें उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचा अंदाज प्रसिद्ध करतें. अमुक भागांत उष्णता सरासरीपेक्षां अधिक राहील, उष्णतेच्या लाटांचे दिवस नेहमींपेक्षां वाढतील, असा त्यांतील मजकूर असतो. पुढें एप्रिल-मे महिन्यांत जिल्हावार इशारे येऊं लागतात: कोठें विजांच्या कडकडाटासह वळीव, कोठें गारपीट, कोठें सोसाट्याचा वारा. हा सर्व मजकूर आपण वर्तमानपत्रांत व मोबाईलवर वाचतों, पारावर त्याची चर्चा करतों, आणि 'बघूं या काय होतें तें' असें म्हणून उठतों. म्हणजे अंदाज ही आपल्या लेखीं एक बातमी असते. माझें म्हणणें असें कीं, ती बातमी नव्हे. ती आपल्या नांवें निघालेली नोटीस होय, आणि नोटिशीस जसें मुदतींत उत्तर द्यावें लागतें, तसें अंदाजासहि दिलें पाहिजे.

नोटिशींत तीन गोष्टी असतात: ती कोणास बजावली, मुदत कोणती, आणि मुदतींत काय करावयाचें. हवामान खात्याचा इशारा यांपैकीं दोन सांगतो. तो जिल्हा सांगतो आणि दिवस सांगतो. तिसरी गोष्ट, म्हणजे आपल्या शिवारांत कोणीं काय करावें, ही पुण्या-मुंबईच्या कचेरींत बसून कोणास लिहितां येणार नाहीं. तें कलम गांवानेंच भरलें पाहिजे. आज तें बहुतेक गांवीं कोरें राहतें, आणि आपलें पुष्कळसें नुकसान त्या कोऱ्या जागेंत होतें.

महसूल खात्यांत कारकून म्हणून माझा सेवाकाल गेला. पर्जन्यमापनाचे तक्ते, नुकसानीचे पंचनामे, मदतीच्या याद्या, त्यांवरील हरकती, हे कागद वर्षानुवर्षें माझ्या हाताखालून गेले. एकाच शिवारांत, एकाच सायंकाळीं, एकाच वादळानें दोन शेजाऱ्यांस गांठलें, तरी दोघांच्या नांवापुढील आंकडे सारखे नसत. एकाची मळलेली ज्वारी घरांत आलेली असे, दुसऱ्याची खळ्यावर उघडी असे. एकाचीं गुरें गोठ्यांत असत, दुसऱ्याचीं बांधावरच्या झाडाखालीं. वादळ दैवाधीन खरें. परंतु ज्वारी खळ्यावर कीं घरांत, हें दैवाधीन नव्हे.

जुनी रीत आणि नवी रीत

पुढील हवेचा ठाव घेण्याची हौस आपल्याकडे नवी नाहीं. पाडव्यास देवळांत पंचांग वाचतात, नक्षत्राचें वाहन बेडूक कीं गाढव हें पाहतात; बुलढाणा जिल्ह्यांत भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते व दुसऱ्या दिवशीं पहांटे तिच्यावरून पावसाचें व पिकांचें भाकीत सांगतात. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांनीं ती ठेवावी. परंतु एवढें लक्षांत घ्यावें कीं, त्या भाकितांत मंगळवारीं दुपारीं चार वाजतां आपल्या तालुक्यावर वीज कडाडेल कीं नाहीं, हें कोणी सांगत नाहीं व सांगण्याचा दावाहि करीत नाहीं.

हवामान खात्याची स्थापना १८७५ सालीं झाली. तिच्यामागें १८६४ चें कलकत्त्याचें चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ सालचीं अवर्षणें होतीं. म्हणजे हें खातें आरंभापासूनच वादळ व दुष्काळ यांच्या चटक्यांतून जन्मलें. हिमालयावरील बर्फाचें प्रमाण पाहून ब्लॅनफर्ड साहेबांनीं ४ जून १८८६ रोजीं मोसमी पावसाचें पहिलें रीतसर भाकीत प्रसिद्ध केलें. १९२८ सालीं खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली, १९३२ सालीं पुण्यांतच शेतीच्या हवामानाचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि १९४५ पासून रेडिओवरून शेतकऱ्यांकरितां हवामानाची वार्ता सांगण्यास आरंभ झाला. त्यानंतर उपग्रह आले, रेडार आले, गणकयंत्रें आलीं. सांगणाराची विद्या एवढी पुढें गेली. ऐकणाराची वागणूक मात्र १९४५ च्या रेडिओपाशींच बसून राहिली आहे.

तीन अंदाज, तीन कामें

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, 'अंदाज' या एका शब्दाखालीं तीन निरनिराळ्या वस्तु आपल्यापुढें येतात. एकीचें काम दुसरीकडून करून घेऊं गेल्यास फसगत होते.

पहिला अंदाज हंगामाचा. तो संभवाच्या भाषेंत असतो. 'उष्णता सरासरीहून अधिक राहण्याचा संभव जास्त', एवढेंच तो सांगतो. अमुक तारखेस ऊन किती तापेल हें सांगत नाहीं. यावरून हंगामाचीच कामें ठरवावीं: विहिरीचें पाणी पाहून उन्हाळी भुईमूग किती एकर घ्यावा, कडबा विकावा कीं राखावा, गोठ्यावर छप्पर जाड करावें कीं नाहीं, नव्या कलमांस सावली करावी कीं नाहीं.

दुसरा अंदाज पुढील पांच दिवसांचा व जिल्ह्याचा. त्याच्यासोबत कृषि विद्यापीठांतील हवामान केंद्रांकडून दर मंगळवारीं व शुक्रवारीं पिकांचा सल्ला निघतो. काढणी, मळणी, फवारणी, पाण्याची पाळी हीं कामें यावर बेतावीं.

तिसरा तीन तासांचा तात्कालिक इशारा. रेडारवर ढग वाढतांना दिसला म्हणजे तो निघतो. त्यावर नवें काम काढावयाचें नसतें, हातांतील काम टाकावयाचें असतें. विजेकरितां पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें 'दामिनी' नांवाचें मोबाईलवरील साधन केलें आहे. तेंहि याच वर्गांतलें.

इशाऱ्यांस रंग दिलेले असतात. हिरवा म्हणजे कांहीं करणें नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सिद्ध रहा. तांबडा म्हणजे कृति करा. हे रंग पुष्कळांस पाठ आहेत. परंतु पिवळ्यास काय करावयाचें व नारिंगीस काय करावयाचें, हें गांवांत चार माणसांस विचारलें तर चार उत्तरें येतात, आणि तीं चारहि त्या क्षणीं सुचलेलीं असतात.

ऊन

आतां उन्हाळ्यांतील तीन संकटें क्रमानें घेऊं. मैदानी प्रदेशांत कमाल उष्णतामान ४० अंश सेल्सिअस किंवा अधिक होऊन तें सरासरीपेक्षां ४.५ अंशांनीं चढलें, म्हणजे उष्णतेची लाट समजतात, ६.४ अंशांहूनहि अधिक चढलें तर तीव्र लाट. ४५ अंशांस पोंचल्यावर सरासरी पाहण्याचेंहि कारण उरत नाहीं. कोंकण किनाऱ्यास ही गणना ३७ अंशांपासून सुरू होते, कारण तेथील दमट हवेंत घाम वाळत नाहीं व अंगांतील उष्णता बाहेर पडत नाहीं. हा आंकडा सावलींतील, जाळीदार पेटींत ठेवलेल्या उष्णतामापकाचा असतो. उघड्या रानांत वांकून कांदा काढणाऱ्या बाईच्या पाठीवर पडणारें ऊन त्या आंकड्यांत नाहीं.

येथें जमीनदार शेतकऱ्यांस एक गोष्ट स्पष्ट सांगणें भाग आहे. उष्णतेचा इशारा आपण वाचतों आणि ऊन दुसरा सोसतो. काढणीचीं कामें बहुधा उक्तीं दिलेलीं असतात. एकराप्रमाणें मजुरी ठरली असतां मजूर बारा ते चार विसांवा घेणार नाहीं. त्याची चूल त्या एकरावर पेटावयाची असते. म्हणून थांबण्याचा हुकूम मालकानेंच दिला पाहिजे, आणि थांबल्याबद्दल मजुरी कापली जाणार नाहीं हें आधीं बोलून ठेविलें पाहिजे. पहांटे सहापासून अकरापर्यंत व सायंकाळीं चारनंतर काम, बांधावर सावली व पिण्याचें पाणी, एवढी व्यवस्था करण्यास फार पैका लागत नाहीं. अंग तापून माणूस असंबद्ध बोलूं लागला अगर पडला, तर त्यास सावलींत नेऊन अंगावर गार पाणी ओतावें, वारा घालावा व तत्काळ दवाखान्यांत न्यावें. शुद्धीवर नसेल तर तोंडांत पाणी घालूं नये.

अहमदाबाद शहरास २०१० च्या उन्हाळ्यांत मोठा तडाखा बसला. त्यानंतर २०१३ सालीं तेथील नगरपालिकेनें उष्णतेचा कृति-आराखडा केला. दक्षिण आशियांतील तो पहिला होय. त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. अमुक अंशांचा अंदाज आला कीं कोणीं कोणास कळवावें, पाण्याची सोय कोणीं करावी, दवाखान्यांनीं काय सिद्ध ठेवावें, हें आधीं लिहून ठेविलें, एवढेंच. नोटिशीचें तिसरें कलम भरलें तें असें.

वळीव, गार आणि वीज

तापलेली जमीन, समुद्रावरून आलेली दमट हवा आणि वर उंचावर थंड हवा, या तिघांची गांठ पडली म्हणजे वळिवाचा ढग उभा राहतो. जमीन तापण्यास वेळ लागतो, म्हणून हा ढग बहुधा दुपारनंतर बांधतो आणि तिसऱ्या प्रहरापासून दिवेलागणीपर्यंत कोसळतो. त्याच्या पोटांतील वर चढणारा वारा पाण्याचे थेंब हिमबिंदूच्याहि वर नेतो. ते गोठतात, पुन्हां पुन्हां वर जातात, थरावर थर चढतात, आणि वाऱ्यास वजन झेपेनासें झालें कीं गारा होऊन खालीं येतात. २०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रांत जी गारपीट झाली, तिनें गहूं, हरभरा, ज्वारी, द्राक्षें, डाळिंबें कांहींच सोडलें नाहीं. ज्यांनीं ती पाहिली त्यांस अधिक सांगणें नको.

उभ्या पिकास गारेपासून वांचविणें कठीण. जाळी व आच्छादन सर्वांस परवडत नाहीं. परंतु या दिवसांत आपलें अर्धें धन उभें नसून पडलेलें असतें. नाशिककडे काढलेला कांदा पातीनें झांकून वावरांत असतो. हिंगोली-वसमतकडे व सांगलीकडे शिजविलेली हळद उघड्यावर वाळत असते. तासगांव-पंढरपूरकडे बेदाणा रॅकवर असतो. सर्वत्र कडब्याच्या गंजी उघड्या असतात. एका सरीनें बेदाणा काळा पडतो, हळदीचा रंग उतरतो, कांदा चाळींत सडतो. हें नुकसान मात्र पुष्कळ अंशीं टाळतां येण्यासारखें आहे, आणि तें टाळण्याचें साधन ताडपत्री व चार तासांची आगाऊ खबर एवढेंच आहे.

विजेची गोष्ट त्याहून गंभीर. राष्ट्रीय गुन्हे नोंद खात्याच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत २,८८७ माणसें वीज पडून मेलीं. यांत शेतांत काम करणारे व गुरें राखणारे फार असतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत अंक मोजावे. तीन सेकंदांस एक किलोमीटर, असा हिशेब. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला तर ढग दहा किलोमीटरांच्या आंत आहे. पक्क्या घराचा आसरा घ्यावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. झाडाखालीं उभें राहणें हा सर्वांत वाईट आसरा. तारेच्या कुंपणापासून, विहिरीच्या पंपापासून व लोखंडी अवजारांपासून दूर असावें. आसरा नसेल तर दोन्ही पाय जुळवून उकिडवें बसावें, आडवें पडूं नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगांत वीज राहते ही समजूत खोटी आहे. त्यास हात लावण्यास भय नाहीं, आणि श्वास थांबला असल्यास छाती दाबून तो चालू करण्याचा यत्न ताबडतोब करावा.

वाऱ्याचेंहि भान हवें. अकोला जिल्ह्यांत पारस येथें ९ एप्रिल २०२३ रोजीं वादळांत एक जुनें निंबाचें झाड मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर कोसळलें आणि आंत आसऱ्यास असलेलीं सात माणसें गेलीं. आसरा घेणें पुरेसें नाहीं. कोणता आसरा घ्यावा हें आधीं ठरलेलें असावें. आपल्या गांवांतील शाळा, समाजमंदिर, बाजाराची शेड यांवर कोणतीं झाडें वांकलीं आहेत, हें फाल्गुनांत पाहून ठेवणें हें कोणाचें तरी काम असलें पाहिजे.

ओढ्याचा पूर

तिसरें संकट आपण उन्हाळ्याच्या हिशेबांत धरीतच नाहीं. उन्हाळ्यांत ओढा कोरडा असतो. त्याच्या पात्रांत कलिंगडें लावतात, मेंढपाळ वाडा घालतात, गाडीवाट त्यांतूनच असते. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. मग ६५ मिलिमीटर पाऊस शंभर हेक्टरांच्या पाणलोटावर पडला, तर साडेसहा कोटि लिटर होतें. त्यांतील निम्मेंहि जमिनींत मुरलें असें धरलें, तरी उरलेलें पाणी एक-दोन घटकांत त्या कोरड्या पात्रांत उतरतें. शिवाय पाऊस आपल्या डोक्यावर पडावा लागत नाहीं. तो वरच्या गांवीं पडतो व पूर खालच्या गांवीं येतो. गुडघाभर वाहतें पाणी मोटारीस तरंगवून नेतें. फरशी पुलावर पाणी असतांना गाडी घालणारे दरवर्षीं बुडतात, आणि त्यांतील बहुतेक जण घराकडेच निघालेले असतात.

२०२५ च्या मे महिन्याचें उदाहरण ताजें आहे. त्या वर्षीं मोसमी पाऊस केरळांत १ जूनऐवजीं २४ मे रोजीं आला आणि २६ मे रोजीं मुंबईस पोंचला. तेथें त्याची नेहमींची तारीख ११ जून होय. २५ मे रोजीं बारामती, इंदापूर, दौंड या एरवीं पाण्यास आंचवलेल्या तालुक्यांत एवढा पाऊस कोसळला कीं नीरा डाव्या कालव्यास भगदाड पडलें, घरांत व शेतांत पाणी शिरलें. रोहिणी निघतांच वापसा नाहीं अशी स्थिति झाली.

आणि याच वर्षानें दुसरा धडाहि दिला. मेअखेर मोसमी वारा जागच्या जागीं थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढें सरकला नाहीं. आलेला पाऊस पाहून घाई न करण्याचा सल्ला कृषि खातें देत होतें. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल झाल्याशिवाय व पुढील पावसाची खात्री दिसल्याशिवाय पेरूं नये, हा नेहमींचाच नियम. त्या वर्षींचा एकंदर मोसमी पाऊस देशांत सरासरीच्या १०८ टक्के झाला. म्हणजे हंगामाचा आंकडा उत्तम, तरी मधले पंधरा-सोळा दिवस कोरडे. हंगामाच्या अंदाजावर पेरणीची तारीख ठरवूं नये, असें जें मीं वर म्हटलें, त्याचा अर्थ हाच.

'अंदाज खोटा ठरतो' या आक्षेपाविषयीं

आतां पारावरच्या नेहमींच्या आक्षेपाकडे वळूं. 'खात्यानें पाऊस सांगितला आणि टिपूसहि पडला नाहीं', असें आपण म्हणतों. यांत कांहीं वेळां तथ्य असतें. परंतु इशाऱ्यांतील शब्द नीट वाचावे. 'तुरळक ठिकाणीं' हा शब्द हवामान खात्याच्या परिभाषेंत मोजून वापरलेला असतो. त्या विभागांतील केंद्रांपैकीं चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, असा त्याचा अर्थ. म्हणजे अंदाज तंतोतंत खरा ठरला तरी चारांपैकीं तीन गांवें कोरडीं राहणार व तीं तो खोटा म्हणणार. अहिल्यानगर जिल्ह्याचा विस्तार सुमारें १७,००० चौरस किलोमीटर; वळिवाचा एक ढग त्यांतील चार-दोन शिवारें धुवून जातो. कोणतीं, हें दोन दिवस आधीं सांगणें आजच्या विद्येच्या आटोक्यांत नाहीं.

मग अशा अंदाजाचा उपयोग काय? उपयोग हिशेबाचा आहे. समजा, दोन एकरांचा कांदा काढून पडला आहे. तो गोळा करून झांकण्यास प्रत्येक खेपेस दोन हजार रुपये मजुरी पडते, आणि भिजला तर चाळीस हजारांचें नुकसान आहे. पांच इशाऱ्यांपैकीं चार फुकट गेले व एकच खरा ठरला, तरी दहा हजार खर्चून चाळीस हजार वांचले. वीसांपैकीं एक खरा ठरला तर जमाखर्च बरोबरीचा होईल. उलट, अपक्व द्राक्षें घाईनें तोडणें हें महागाचें काम. तें पिवळ्या रंगावर करणें वेडेपणाचें होईल. म्हणून नियम असा असावा कीं, स्वस्त उपाय पिवळ्या इशाऱ्यासहि करावा, मध्यम खर्चाचा नारिंगीस, आणि भारी खर्चाचा तांबड्यासच. मनुष्यहानीच्या बाबतींत मात्र हा हिशेब लावूंच नये. तेथें प्रत्येक इशारा खरा धरावा.

सरकारकडूनहि अपेक्षा आहेतच, आणि त्या सांगितल्या पाहिजेत. जिल्ह्याजिल्ह्यांच्या कृषि विज्ञान केंद्रांतून हवामानाचा स्थानिक सल्ला देणारे १९९ घटक देशांत चालत होते. २०२४ च्या मार्चअखेर ते बंद करण्यांत आले. हें पाऊल मला योग्य वाटलें नाहीं. अंदाज जितका जवळचा तितका उपयोगाचा असतां, सल्ला देणारा माणूस दूर नेणें हें उलट्या दिशेचें चालणें होय. परंतु वरची कचेरी चालो कीं बंद होवो, गांवाचें कलम गांवानें भरण्यास कोणाची मंजुरी लागत नाहीं.

नुकसानीनंतरचा कागद

वादळ गेल्यावर कागदाचें वादळ येतें, आणि त्यांत पुष्कळ शेतकरी दुसऱ्यांदां बुडतात. अतिवृष्टि ठरविण्यास महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला पाहिजे. २०१७ पासून 'महावेध' योजनेंत मंडळनिहाय स्वयंचलित यंत्रें बसविलीं गेलीं, ही सुधारणा खरी. तथापि मंडळांत अनेक गांवें असतात आणि यंत्र एका जागीं असतें. यंत्रावर चाळीस व आपल्या शिवारांत नव्वद, असा प्रकार वळिवांत सहज घडतो. अशा वेळीं 'आमच्याकडे फार पडला' हें तोंडी सांगणें कचेरींत टिकत नाहीं. रोजच्या रोज, ठराविक वेळीं, दोघांच्या सहीनें लिहिलेली पावसाची वही पुढें ठेवली, तर निदान स्थळपाहणीची मागणी जोरानें करतां येते.

पंचनाम्यास तलाठी (ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ग्रामसेवक व कृषि सहायक येतात. ३३ टक्के किंवा अधिक नुकसान असेल तरच मदत मिळते. त्यांस तारीख-वेळेसह छायाचित्र दाखवावें. पिकाची नोंद ई-पीक पाहणींत झालेली असावी. सातबाऱ्यावर एक पीक व रानांत दुसरें, असें असेल तर पंचनामा करणाराचाहि नाइलाज होतो. पीकविम्याचे नियम वारंवार बदलतात. २०२५ च्या खरिपापासून राज्यांत ते पुन्हां बदलले व भरपाईचा भर पीककापणी प्रयोगांवर आला. म्हणून गतवर्षाच्या समजुतीवर न विसंबतां चालू वर्षाचा शासननिर्णय मिळवून वाचावा, आणि कळविण्याची मुदत किती हें लिहून ठेवावें.

संघापुढें ठेवावयाची सूचना

आपल्या संघाच्या सभासदांपुढें मी पुढील सूचना ठेवितों.

पहिली, प्रत्येक गांवीं संघाच्या खर्चानें एक साधा पर्जन्यमापक मोकळ्या जागीं बसवावा व रोज सकाळीं साडेआठ वाजतां मोजणी करून वहींत लिहावी. शाळेंतील वरच्या वर्गाचीं मुलें हें काम आवडीनें करतील.

दुसरी, त्याच वहींत प्रत्येक इशारा, त्याचा रंग आणि प्रत्यक्षांत काय घडलें तें नोंदावें. तीन वर्षांत आपल्या गांवापुरता अंदाज किती खरा ठरतो, हें आपणांस कळेल. मग पारावरचा वाद मिटेल.

तिसरी, रंगावार कामांची यादी करून चावडीवर व देवळाच्या भिंतीवर लावावी, आणि प्रत्येक कामापुढें माणसाचें नांव लिहावें. ओढ्यांतील मेंढपाळास कोण सांगेल, वस्तीवरील म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे दुपारीं कोण जाईल, फरशी पुलावर दोरी कोण बांधील, मजुरांस काम थांबवा असें कोण सांगेल. 'सर्वांनीं काळजी घ्यावी' असें लिहिणें म्हणजे कोणीच न घेणें होय.

चौथी, संघानें कांहीं ताडपत्र्या सामाईक घेऊन लहान शेतकऱ्यांस इशाऱ्याच्या दिवशीं नाममात्र भाड्यानें द्याव्या. ज्याचा कांदा अर्धा एकर, त्यास ताडपत्री विकत घेणें पुरवत नाहीं आणि भिजलेला कांदा तर मुळींच पुरवत नाहीं.

या चार गोष्टींस शासनाचा हुकूम नको, मोठा निधि नको. पाडव्याच्या सुमारास हंगामाचा अंदाज निघतो. पाडव्यास आपण पंचांग ऐकण्यास देवळांत जमतोंच. त्याच बैठकींत पंचांगानंतर हा अंदाज वाचावा, गतवर्षाची वही उघडावी, आणि कामें व नांवें वाचून दाखवावीं. ज्याचें नांव वाचलें त्यानें उठून 'होय' म्हणावें. सभासदांस सूचना पटल्यास येत्या मासिक सभेंत ती ठरावरूपानें यावी, आणि न पटल्यास याहून बरी सुचवावी. उन्हाळा कोणाच्या ठरावाची वाट पाहणार नाहीं. नोटिशीची मुदत त्याच्या हातीं आहे, उत्तर तेवढें आपल्या हातीं आहे.